पशुवैद्यांचा आहाराचा सल्ला पटला नाही, तर काय करावे

पशुवैद्यांनी सुचवलेला आहार पटला नाही, तरी बहुतेक प्राणीपालक दवाखान्यात काही बोलत नाहीत. ते मान डोलावतात, चिठ्ठी घेतात आणि घरी आल्यावर आपल्याला योग्य वाटेल तेच भांड्यात घालतात. डॉक्टरांशी वाद घालणे उद्धटपणाचे वाटते, बाहेर रांग लागलेली असते, आपल्याला शास्त्रातले काय कळते अशी धास्तीही असते. ही सगळी कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु या गप्प राहण्याने जे नुकसान होते, ते उघड वादाने क्वचितच होते, आणि ते सोसावे लागते त्या मुक्या जिवाला.

मधुमेह झालेल्या मांजराचे उदाहरण घ्या. इन्सुलिनची मात्रा ठरवताना ते काय खाते आणि किती खाते हे गृहीत धरलेले असते. पालकाने कुठेतरी वाचून कर्बोदके अगदी कमी असलेले ओले खाद्य सुरू केले, तर तो निर्णय मुळात चांगलाही असू शकतो, कारण अशा आहारावर काही मांजरांची इन्सुलिनची गरज पुष्कळ कमी होते आणि काहींची तर संपतेही. पण ही गोष्ट डॉक्टरांना न कळवता जुनीच मात्रा टोचत राहिले, तर रक्तातील साखर एकदम उतरते, मांजर लडखडू लागते, त्याला झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. आहाराबद्दल पालकाचे बरोबर होते, तरीही मांजराचा जीव धोक्यात आला.

मूत्राशयातील खड्यांचेही असेच आहे. स्ट्रुव्हाइट प्रकारचे खडे विशिष्ट आहाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे विरघळत नाहीत. आहार सुरू करून काही आठवड्यांनी एक्स-रे काढला आणि खडा तसाच दिसला, की डॉक्टर साहजिकच तो दुसऱ्या प्रकारचा असावा असे समजून शस्त्रक्रियेचा विचार करू लागतात. त्या आठवड्यांत घरी रोज वरचे खाणे चालू होते हे त्यांना कोणी सांगितलेच नसेल, तर ती शस्त्रक्रिया कदाचित विनाकारण होईल.

म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांच्या आधी एक अट आहे. प्राणी प्रत्यक्षात काय खातो हे डॉक्टरांना खरे आणि पूर्ण सांगायचे, त्यांचा सल्ला पाळला नसेल तरीही. "तुम्ही सांगितलेले खाद्य मी आठवडाभर दिले आणि मग बंद केले" हे वाक्य तोंडातून निघायला जड जाते. पण ते ऐकल्यावर चांगला डॉक्टर का बंद केले हे विचारतो, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते.

मतभेद नेमका कशावर आहे, हे आधी ओळखावे

"आहाराबाबत आमचे पटत नाही" या एका वाक्याखाली निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी निदानच पटलेले नसते: डॉक्टर कुत्र्याला लठ्ठ म्हणतात आणि घरच्यांना तो धष्टपुष्ट वाटतो. कधी निदान मान्य असते, पण उपाय मान्य नसतो: मांजराची किडनी बिघडली आहे हे कळते, मात्र त्यासाठी ठरावीक पिशवीतलेच खाद्य का, हे कळत नाही. आणि कधी उपायही मान्य असतो, फक्त तो झेपत नाही. खाद्य महाग असते, मांजर त्याला तोंड लावत नाही, घरात तीन प्राणी असतात आणि तिघांची भांडी वेगळी ठेवणे अशक्य होते, किंवा घरातील वडीलधारी मंडळी प्रेमापोटी गुपचूप काहीतरी भरवत राहतात.

हा शेवटचा प्रकार फार वेळा मतभेदाचे रूप घेऊन समोर येतो. खर्च परवडत नाही हे सांगण्याचा संकोच वाटतो, म्हणून माणूस "या कंपन्यांच्या खाद्यात काही दम नसतो" असे म्हणतो. मग डॉक्टर कंपन्यांची बाजू मांडत बसतात आणि मूळ अडचण तशीच राहते. वास्तविक खर्चाची अडचण स्पष्ट शब्दांत सांगितली, तर तिच्यावर बहुधा काही ना काही तोडगा असतो. तेच पोषणाचे उद्दिष्ट साधणारे दुसरे खाद्य असू शकते, ओल्याऐवजी कोरडे चालू शकते, तज्ज्ञाने आखून दिलेला घरगुती आहार शक्य असतो, किंवा सर्व बदल एकदम न करता सर्वांत महत्त्वाचा एकच बदल आधी करता येतो. डॉक्टरांना अडचण ठाऊकच नसेल, तर ते यांपैकी काहीही सुचवणार नाहीत.

दवाखान्यात जाण्यापूर्वी हे कागदावर लिहून काढावे: डॉक्टरांचे म्हणणे काय, आपले म्हणणे काय आणि आपल्या म्हणण्याचे कारण काय. "मागच्या वेळी हे खाद्य दिल्यावर तीन दिवस जुलाब झाले" हे कारण असेल, तर ते डॉक्टरांना हवेच असलेले निरीक्षण आहे. "कोणीतरी सांगितले" एवढेच कारण उरत असेल, तर ते कोणी सांगितले आणि कोणत्या प्राण्याबद्दल सांगितले, हे आधी स्वतःला विचारावे. निरोगी तरुण कुत्र्याला मानवलेला आहार स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या कुत्र्याला पुन्हा दवाखान्यात पोहोचवू शकतो.

बोलण्याआधी मोजमाप

वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरिनरी असोसिएशन या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेने २०११ साली पोषणविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तापमान, नाडी, श्वसन आणि वेदना यांच्या जोडीला पोषणाची तपासणी ही प्रत्येक भेटीतील पाचवी मूलभूत तपासणी मानावी, अशी भूमिका तिने घेतली. म्हणजे प्राणी काय खातो हे दर वेळी विचारले जाणे अपेक्षित आहे, आणि त्याचे नेमके उत्तर पालकाकडे असणेही तितकेच अपेक्षित आहे. बहुतेकांकडे ते नसते, कारण त्यांनी ते कधी मोजलेलेच नसते.

सलग सात दिवस प्राण्याच्या पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी. मुख्य खाद्य तर लिहावेच, पण बक्षीस म्हणून दिलेले तुकडे, दातांसाठी चघळायला दिलेल्या कांड्या, गोळी लपवण्यासाठी वापरलेले चीज, जेवणाच्या टेबलाखाली पडलेले घास आणि दुसऱ्या प्राण्याच्या भांड्यातून पळवलेले खाणे हेही लिहावे. घरातील प्रत्येकाने लिहावे, लहान मुलांनीसुद्धा. त्यांच्या नोंदी बहुधा सर्वांत प्रामाणिक असतात.

कोरडे खाद्य मापाच्या कपाने न मोजता वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजावे. याची गरज पटत नसेल, तर घरातील तिघांना एकाच पिशवीतून, त्याच कपाने, "रोजच्यासारखा एक कप" भरायला सांगावे आणि तिन्ही कप एकामागून एक काट्यावर ठेवावेत. एक जण काठाशी सपाट भरतो, दुसरा वर शीग ठेवतो, तिसरा कप आपटून दाणे खाली बसवतो आणि वर आणखी चार घालतो. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हा फरक खपून जाईल. लहान चणीच्या कुत्र्याचे किंवा मांजराचे वजन वाढायला मात्र रोजचा एवढा फरकही पुरेसा असतो.

त्यानंतर ढोबळ हिशेब करावा. विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा काढण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ हा घात काढून त्याला ७० ने गुणतात. उत्तर दिवसाच्या किलोकॅलरींमध्ये येते. १० किलो वजनाच्या कुत्र्यासाठी ते सुमारे ३९४ येते, आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला साधारण १.६ ने गुणून सुमारे ६३० ही सुरुवातीची मर्यादा धरतात. ४ किलोच्या मांजरासाठी मूळ आकडा सुमारे १९८ येतो आणि नसबंदी झालेल्या मांजरासाठी तो १.२ ने गुणला की २३८ च्या आसपास जातो. प्रत्येक प्राण्याची प्रत्यक्ष गरज यापेक्षा बरीच कमी-जास्त असू शकते, त्यामुळे हा आकडा अंतिम मानू नये. वरचे सगळे खाणे एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावे असा सर्वमान्य संकेत आहे. त्या हिशेबाने २३८ किलोकॅलरींच्या मांजराच्या वाट्याला वरच्या खाण्याच्या जेमतेम २४ किलोकॅलरी येतात, आणि एवढ्या तर चीजच्या एका लहानशा तुकड्यातच संपतात.

वजनावरून वाद असेल, तर शरीरस्थितीचा १ ते ९ हा मापनक्रम समजून घ्यावा. कुत्र्यांमध्ये ४ ते ५ आणि मांजरांमध्ये ५ ही आदर्श स्थिती मानतात. ५ च्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे आदर्श वजनापेक्षा साधारण दहा टक्के जास्त वजन. फासळ्या तपासण्याची एक पद्धत घरीही करता येते. आपली मूठ वळून दुसऱ्या हाताची बोटे मुठीच्या हाडांच्या उंचवट्यांवरून फिरवावीत: फासळ्या तशा लागत असतील, तर प्राणी फार बारीक आहे. मग हात सरळ करून पंजाच्या पाठीवरून बोटे फिरवावीत: फासळ्या तशा, हलक्या स्पर्शाला जाणवतील इतपत लागत असतील, तर ठीक आहे. तळहात वर करून बोटांच्या मुळाशी असलेल्या गादीवरून फिरवल्यावर लागते तसे लागत असेल, तर चरबी जास्त आहे. दाट केसांच्या प्राण्यांमध्ये डोळे हमखास फसवतात, म्हणून हात लावूनच ठरवावे. "डॉक्टर, फासळ्या कशा तपासायच्या ते माझा हात धरून दाखवाल का?" असे विचारले, की लठ्ठ की धष्टपुष्ट हा वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

तपासणीच्या खोलीत

लसीकरणासाठी गेलेले असताना, कुत्रा टेबलावरून उडी मारू पाहत असताना, दाराकडे सरकता सरकता आहाराचा विषय काढू नये. आधी फोन करून आहारावर बोलण्यासाठी वेगळी वेळ मागावी, आणि सात दिवसांची नोंद व खाद्याच्या लेबलांचे फोटो आदल्या दिवशी पाठवता येतील का, हे विचारावे. घरात खाऊ घालण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याने स्वतः जावे. निरोप्यामार्फत केलेल्या चर्चेत अर्धी माहिती वाटेतच गळते.

सुरुवात कशी करावी हे महत्त्वाचे आहे. "हे खाद्य खराब असते असे मी वाचले आहे" या वाक्याने डॉक्टर बचावाच्या पवित्र्यात जातात. त्याऐवजी, "डॉक्टर, तुमचा सल्ला मला नीट समजून घ्यायचा आहे, कारण अजून तो माझ्या मनाला पटलेला नाही आणि न पटता मी तो मनापासून पाळू शकणार नाही," असे म्हणावे. यात आदरही आहे आणि खरेपणाही. मग या आहारातून नेमके काय साधायचे आहे, कोणता घटक कमी किंवा जास्त करायचा आहे, फायदा होतो आहे हे कशावरून आणि किती दिवसांत कळेल, आणि हा आहार देता आलाच नाही तर दुसरा सर्वांत चांगला पर्याय कोणता, हे प्रश्न विचारावेत. यांपैकी घटकाचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. "अमुक कंपनीचे खाद्य द्या" या सल्ल्यावर होकार किंवा नकार एवढेच देता येते. "फॉस्फरस कमी करायचा आहे" हे कळले की दोघांनाही त्याच उद्दिष्टाच्या वेगवेगळ्या वाटा शोधता येतात.

डॉक्टरांचे उत्तर ऐकताना मध्येच तोडू नये, आणि ते आपल्या शब्दांत परत सांगून पडताळून घ्यावे. पटले नाही, तर तेही तिथेच सांगावे: "मला समजले, पण खात्री पटलेली नाही, मला विचार करायला दोन दिवस हवेत." तातडीचा आजार नसेल, तर दोन दिवस मागण्यात काहीही गैर नाही. आवाज चढू लागला, मग तो कोणाचाही असो, तर विषय त्या दिवसापुरता थांबवावा.

नेहमी उद्भवणारे वाद

कंपनीचे खाद्य आणि त्यामागचा हितसंबंध हा वाद सर्वांत कडवट होतो. दवाखान्यातच खाद्य विकले जाते, तेव्हा पालकाच्या मनात शंका येणे रास्त आहे, आणि ती सरळ विचारणेही रास्त आहे: "हे इथूनच घ्यावे लागेल का? हीच गरज भागवणारे दुसऱ्या कंपनीचे खाद्य चालेल का?" चालेल असे उत्तर मिळाले, तर शंका तिथेच फिटली. चालणार नाही असे उत्तर आले, तर कारण विचारावे. काही आजारांत खरोखरच कारण असते. किडनीच्या आजारात फॉस्फरसचे प्रमाण हा कळीचा मुद्दा असतो आणि पिशवीवरील घटकांच्या यादीवरून ते प्रमाण कळत नाही. ती यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि त्या वजनात पाणीही धरलेले असते, म्हणून ताजे मांस यादीत वर दिसते. कंपनीला १,००० किलोकॅलरींमागे किती ग्रॅम फॉस्फरस आहे असा प्रश्न विचारावा. ज्या कंपनीला हे सांगता येत नाही, तिचे खाद्य आजारी प्राण्याला देऊ नये.

कंपन्यांच्या बाबतीत इतिहास दोन्ही बाजूंना जमेस धरायला हवा. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले, की बाजारातील खाद्यावर वाढलेल्या मांजरांमध्ये टॉरिन हे त्यांना अत्यावश्यक पोषकद्रव्य कमी पडून हृदयाचे स्नायू निकामी होत होते आणि टॉरिन दिल्यावर ती बरी होऊ शकत होती. त्यानंतर खाद्यांतील टॉरिन वाढवण्यात आले. पुरेसे मानले गेलेले खाद्य अपुरे ठरू शकते, हे यावरून दिसते. दुसरीकडे, २००२ साली प्रसिद्ध झालेला, ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला अभ्यास प्युरिना या खाद्य बनवणाऱ्या कंपनीचाच होता. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या, आणि जोडीतील दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे निघाले, तर इतरांचे ११.२ वर्षे. पैसे कोणाचे हे जरूर पाहावे, पण तेवढ्यावरून निष्कर्ष फेकून देऊ नये.

धान्यविरहित खाद्याच्या वादात कोणीही ठामपणे बोलू लागले, तर सावध व्हावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्ये किंवा बटाटा मुख्य घटक असलेले खाद्य, ज्यातील बरेचसे धान्यविरहित म्हणून विकले जाई, आणि कुत्र्यांमधील हृदय मोठे होण्याचा विकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी सुरू केली. डिसेंबर २०२२ मध्ये, आलेल्या तक्रारींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि नवी ठोस माहिती आल्याशिवाय पुढचे निवेदन दिले जाणार नाही, असे त्याच प्रशासनाने सांगितले. अशा स्थितीत डॉक्टरांनी सावधगिरी सुचवणे योग्य आहे आणि पालकाने पुरावा विचारणेही योग्य आहे. कुत्र्याला धान्य टाळण्याचे वैद्यकीय कारण नसेल, तर मी डॉक्टरांचे ऐकेन. आधीच ते खाद्य चालू असेल आणि सोडायचे नसेल, तर हृदयाची तपासणी करून घ्यावी.

घरगुती आहाराबद्दल पालकांची तळमळ खरी असते, आणि डॉक्टरांनी तिला उडवून लावू नये. पण येथे आकडे बोलके आहेत. २०१३ साली डेव्हिस येथीलच संशोधकांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या, आणि त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषकद्रव्य अपुरे आढळले. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. वाढत्या पिल्लाला केवळ मांसावर ठेवले, तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे किरकोळ उडीनेही मोडू शकतात. उलट, मोठ्या जातीच्या पिल्लाला संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियमची भुकटी दिली, तर सांगाड्याची वाढ बिघडते. म्हणून "घरचे देऊ की नको" असा वाद न घालता, "मला घरचेच द्यायचे आहे, ते पूर्ण व्हावे यासाठी पाककृती कोणाकडून आखून घेऊ?" असे विचारावे. आणि पाककृती मिळाल्यावर तिच्यात स्वतःहून बदल करू नयेत. तेल बदलणे, पूरक भुकटी निम्मी करणे, एक मांस संपले म्हणून दुसरे घालणे यांतूनच हळूहळू समतोल जातो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) यांना तर स्वयंपाकघरातून प्राण्याच्या भांड्याकडे वाटच असू नये.

कच्च्या मांसाबाबत मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. गोठवल्याने साल्मोनेला किंवा लिस्टेरिया खात्रीने मरत नाहीत, आणि कुत्रा स्वतः आजारी न दिसताही विष्ठेतून जंतू पसरवू शकतो. घरात तान्हे मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगावर उपचार घेणारी व्यक्ती असेल, तर हा प्रश्न एकट्या प्राण्याचा राहत नाही. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत कच्चे खाद्य खाल्लेले एक मांजर बर्ड फ्लूने मेले आणि त्याच्या शरीरातील विषाणू त्या खाद्यातील विषाणूशी जुळला. तरीही कोणी कच्चे देतच असेल, तर डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे, म्हणजे जुलाब झाल्यावर योग्य तपासणी होईल.

शाकाहाराचा वाद कुत्रा आणि मांजर यांच्या बाबतीत वेगळा आहे. काटेकोर आखणी केली तर कुत्र्याला तो मानवू शकतो. मांजराला टॉरिन, ॲराकिडॉनिक आम्ल हे स्निग्धाम्ल आणि तयार स्वरूपातील जीवनसत्त्व अ लागतेच, आणि निसर्गात ते मांसातून मिळते. घरी शिजवलेल्या शाकाहारावर मांजर ठेवण्याला डॉक्टर नकार देत असतील, तर तो नकार बरोबर आहे.

अन्नाच्या ॲलर्जीबाबत बहुधा घाईवरून खटका उडतो. रक्त, लाळ किंवा केस तपासून ॲलर्जी ओळखण्याच्या चाचण्या विश्वासार्ह नाहीत. त्यासाठी साधारण आठ आठवडे एकच ठरावीक आहार देऊन पाहावे लागते आणि नंतर जुने खाद्य पुन्हा देऊन खाज परत येते का, हे तपासावे लागते. या काळात चवदार केलेली जंताची गोळीसुद्धा सगळी मेहनत वाया घालवू शकते. चौथ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून डॉक्टरांवर चिडण्याआधी हे लक्षात घ्यावे.

आणखी एक किरकोळ वाटणारा, पण वारंवार येणारा गोंधळ. ओल्या खाद्याच्या डब्यावर १० टक्के प्रथिने आणि कोरड्याच्या पिशवीवर ३० टक्के असे पाहून पालक ओल्याला निकस ठरवतात. ओल्यात ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांपैकी १० भाग प्रथिने, म्हणजे सुमारे ४५ टक्के. कोरड्यात १० टक्के पाणी असेल, तर ९० पैकी ३०, म्हणजे सुमारे ३३ टक्के. पाणी वगळूनच तुलना करावी.

मुदत घालून प्रयोग

चर्चा करूनही एकमत झाले नाही आणि प्राण्याच्या जिवाला तातडीचा धोका नसेल, तर दोघांनी मिळून एक मुदतीचा प्रयोग ठरवावा. काय द्यायचे, किती ग्रॅम, किती आठवडे, काय मोजायचे आणि कोणते लक्षण दिसले की थांबायचे, हे आधीच लिहून डॉक्टरांच्या नोंदीत घालून घ्यावे. वजन कमी करायचे असेल, तर कुत्र्यांमध्ये आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के आणि मांजरांमध्ये ०.५ ते २ टक्के घट हे सुरक्षित माप मानतात. दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर वजन करावे. किडनीचा प्रश्न असेल, तर रक्तातील क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा घटक) आणि फॉस्फरस कधी तपासायचे, हे ठरवावे. त्वचेचा असेल, तर त्याच उजेडात, त्याच जागेचे दर आठवड्याला फोटो काढावेत. "केस चमकदार दिसतात" यावर दोन माणसांचे एकमत होणे कठीण असते, काट्यावरच्या आकड्यावर मात्र होते.

खाद्य बदलताना सात ते दहा दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत न्यावे. एकदम बदल करून जुलाब झाले आणि मग "हे खाद्य त्याला मानवतच नाही" असा निष्कर्ष काढला, तर प्रयोग सुरू होण्याआधीच संपतो. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रयोग पालकाच्या मताविरुद्ध गेला, तर तो निकाल मान्य करण्याची तयारी पहिल्या दिवसापासूनच ठेवावी. डॉक्टरांकडूनही तशीच अपेक्षा करावी, आणि ती बोलून दाखवावी.

जेव्हा थांबायला वेळ नसतो

काही प्रसंगी मतभेद बाजूला ठेवून आधी सल्ला पाळावा आणि चर्चा नंतर करावी. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने खाणे सोडले, तर "भूक लागली की खाईल" हा विचार घातक ठरतो, कारण काही दिवसांच्या उपवासानेही त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही, तर फोन करावा. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही पडत नाही, ही तासांच्या हिशेबातील आणीबाणी आहे. तेव्हा कोणते खाद्य चांगले, हा प्रश्नच नसतो. स्वादुपिंडाचा दाह, इन्सुलिन घेणारा प्राणी आणि अगदी लहान पिल्ले यांच्या बाबतीतही स्वतःचे प्रयोग करू नयेत.

दुसरे मत घेताना

डॉक्टरही चुकू शकतात. आहाराबद्दल एकही प्रश्न न विचारता, वजन न करता, शरीराला हात न लावता खाद्याचे नाव लिहून देणारा आणि कारण विचारल्यावर "मी सांगतो म्हणून" असे म्हणणारा डॉक्टर असेल, तर दुसरे मत जरूर घ्यावे. ते शक्यतो पोषणातील तज्ज्ञ पशुवैद्यांकडून घ्यावे. हे विशेष प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेले तज्ज्ञ असतात, युरोपात त्यांची स्वतंत्र व्यावसायिक संस्था आहे, आणि अनेक तज्ज्ञ नेहमीच्या डॉक्टरांमार्फत दूरस्थ सल्लाही देतात. प्राण्यांच्या आहाराचा सल्ला देणारा प्रत्येक जण पशुवैद्य असतोच असे नाही, म्हणून पदवी विचारण्यात संकोच करू नये.

पहिल्या डॉक्टरांना हे लपवू नये. "तुमच्यावर अविश्वास नाही, पण या एका बाबतीत मला आणखी एक मत घ्यायचे आहे; कागद द्याल का?" असे सांगितल्यावर बहुतेक डॉक्टर कागद देतात, कित्येकदा स्वतःच एखादे नाव सुचवतात. नव्या डॉक्टरांकडे जाताना आधीच्या सर्व वजनांच्या तारखांसह नोंदी, रक्त-लघवीचे अहवाल, चालू औषधांची यादी, सात दिवसांची आहाराची नोंद आणि प्रयोग केला असल्यास त्याचा निकाल घेऊन जावा. आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितले होते, हे रंग न चढवता सांगावे, आणि आपल्याला कोणते उत्तर ऐकायला आवडेल, ते आधीच उघड करू नये. दोन्ही डॉक्टर एकच गोष्ट सांगत असतील, तर तिसऱ्याकडे न जाता तो आहार सुरू करावा. दोघांची मते वेगळी पडली, तर दुसऱ्यांचे लेखी मत पहिल्यांना पाठवून त्यांनी एकमेकांशी फोनवर बोलावे अशी विनंती करावी, आणि पुढे औषधांची मात्रा व तपासण्यांच्या तारखा कोणी पाहायच्या, हे दोघांकडूनही स्पष्ट करून घ्यावे.